आगीतून मला हाकणारा

आमच्या मळ्याच्या वाटेवर तीन रस्ते फुटत. तिथे लोक उतारे टाकून जात... भात, अंडं, लिंबू, कधी कोंबडीचं पिल्लू. लिंबू चांगलं रसरशीत दिसलं तर मी ते उचलून धोतराला पुसायचो आणि घरी येऊन वरणात पिळायचो. आई कपाळावर हात मारून घ्यायची. मला कधी साधं पोटही दुखलं नाही. सांगायचं ते एवढंच की भूत, चकवा, बाहेरचं वगैरे गोष्टींवर माझा विश्वास तेव्हाही नव्हता आणि आज मिशा पांढऱ्या झाल्यावरही नाही. या मासिकात वाचकांचे जे अनुभव येतात ते वाचून मी पुष्कळदा हसलो आहे. पण आमचे जावई शाळेत मास्तर आहेत, त्यांनी पिच्छाच पुरवला — मामा, तुमच्या पाठीची गोष्ट लिहाच. म्हणून लिहितो. जसं घडलं तसं लिहितो. कोणाला नाही पटलं तर माझा राग नाही, कारण मलाही ते पुरतं पटलेलं नाही.

गोष्ट अमरावतीची. अमेरिकेत लढाई चालू होती त्या वर्षांतली. तिकडचा कापूस विलायतेला जाईनासा झाला आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी असा भाव आला की लोकांनी ज्वारीची वावरंसुद्धा कापसाखाली घातली. आगगाडी अजून आमच्याकडे पोचली नव्हती. सगळा माल बैलगाडीनं यायचा आणि बैलगाडीनंच जायचा. परकोटाच्या बाहेर, नागपुरी दरवाजाच्या अंगाला, गाड्यांच्या रांगा लागलेल्या. रुई ठेवायला जागा पुरत नव्हती. गोदामं भरली, पडव्या भरल्या, धर्मशाळेच्या ओवऱ्या भरल्या. श्वास घेतला तर नाकात तंतू जायचा. आणि त्याच ढिगांच्या शेजारी लोक चिलमी ओढत, तीन दगड मांडून भाकरी भाजत. आग लागायला निमित्त शोधावं लागत नव्हतं.

मी माळ्याचा. शहराबाहेर आमचा मळा होता. वांगी, मिरची, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक. माझं काम मोट हाकायचं आणि माल बाजारात न्यायचा. विहिरीवर राबून खांदे चांगले झाले होते, लग्न व्हायचं होतं. गाडीवान माझे रोजचे गिऱ्हाईक. त्यांतला हिवरखेडचा भिवा माझ्या ओळखीचा झाला होता. तिखट खाणारा, मितभाषी माणूस. बोलायचा तो फक्त त्याच्या बैलांशी. गाडीवानांच्या हातात तुतारी असते, म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी. भिवाजवळही होती, पण ती तो आपली पाठ खाजवायला वापरायचा. बैलांना लावलेली मी कधी पाहिली नाही.

फाल्गुनात एका दुपारी बाजाराच्या आवारात आग लागली. मी तेव्हा तिथेच होतो, वांग्याची पाटी उतरवत होतो. कापसाची आग मी पहिल्यांदा पाहिली. लाकूड पेटायला वेळ घेतं. रुईवरून आग पाण्यासारखी वाहते. या गाडीवरून त्या गाडीवर, डोळ्यांदेखत, आवाज न करता. आवाज नंतर माणसांचा झाला. जुंपलेल्या गाड्यांचे बैल उधळले. एक जोडी पेटलेला माल घेऊनच गर्दीत घुसली, आणि चाकाखाली गेलेल्या बाईचं डोकं चिरडलेलं मी पाहिलं. एका हमालाला शिंग लागलं, तो पोट धरून बसला तो उठलाच नाही.

भिवा आपल्या जोडीपाशी होता. त्यानं कासरे कापले होते, बैल मोकळे होते, आणि तरीही ते हलत नव्हते. गुरांचं हे असंच असतं — आग दिसली की काही उधळतात, काही जागेवर खिळतात. पुढे मोकळी वाट होती. भिवा एकाच्या गळ्यात हात टाकून त्याला ओढत होता, दुसऱ्याच्या कानाशी बोलत होता.

"चाल राजा. चाल मा बाप्पा. बाहेर जाऊ, चाल."

"भिवाभाऊ, हान त्याहिले," मी ओरडलो. "खिळा टोच."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. ऐकलं असावं. पण काठी उचलली नाही. पुन्हा बैलाच्या गळ्यात हात घातला आणि बोलत राहिला. मग शेजारच्या गाडीवरचा सगळा पेटता ढीग त्या तिघांवर कलला.

माझ्या हातात कोणीतरी दिलेली पाण्याची घागर होती. ती तशीच राहिली. शंभर माणसं लोटे आणि घागरी घेऊन धावत होती आणि कोणालाच काय करायचं ते कळत नव्हतं. आग आपलं पोट भरल्यावर आपोआप विझली.

त्यानंतर व्यापाऱ्यांनी आणि साहेबांनी मिळून मुंबईहून बंब मागवला. बैलगाडीनंच आला, तोही. तांबडा रंगवलेला हौद, वर दोन्ही बाजूंना लांब दांडे. दांडे माणसांनी खालीवर करायचे की कातडी नळीतून पाण्याची धार निघे. हौद भरायला पखाली वाहणारे. बंबाबरोबर करीम जमादार आला. हा मुंबईच्या गोदीत आगी विझवून आलेला, एक कान अर्धा जळालेला माणूस. त्याला धडधाकट माणसं हवी होती. मी गेलो.

 दोन दिवसांनी बाबा विहिरीवर म्हणाले, "काहून जातं आगीत? मळ्यात का वाईट हाय तुले?"

"वाईट काई नाई. मले तिथं उभं राहून पाहनं होत नाई आता."

"मंग पाहू नोको ना. बाजारात जाऊ नोको."

 बाबांनी मोटेचा नाडा माझ्या हातातून काढून घेतला, एवढंच.

जमादारानं आम्हाला माणसासारखं वागवलं नाही. दांडे ओढून तळहाताची सालं निघत. दमलेल्याच्या पोटरीवर त्याची छडी बसायची. एका झोपडीत ओला कडबा पेटवून तो आम्हाला आत कोंडायचा आणि बाहेरून कडी लावायचा. खोकून खोकून रक्त पडलं की दार उघडायचं. "आग से मत डरो," तो म्हणायचा, "धुएँ से डरो. धुआँ आदमी को बैल बना देता है. खडा रहेगा, बस. खडा खडा मरेगा." आम्ही जमिनीला तोंड लावून सरपटायला शिकलो. लांब दांड्याच्या लोखंडी आकड्यानं रुईच्या गठाणी, म्हणजे आवळून बांधलेले गठ्ठे, ओढून फोडायला शिकलो, कारण गठाण बाहेरून विझली तरी आतून धुमसत राहते.

माझा जोडीदार लखू. दर्यापूरकडचा, बाजारात हमाली करणारा, आणि आखाड्यातला पहिलवान. अंगानं माझ्या दीडपट. त्याला कोणी धक्का मारलेला खपत नसे. एकदा जमादाराची छडी त्यानं हवेतच धरली आणि मोडून टाकली. जमादार हसला. "तू या तो बहोत बडा होगा या जल्दी मरेगा," म्हणाला. लखू मला फार आवडायचा. जेवताना स्वतःच्या भाकरीतली अर्धी न विचारता माझ्या पुढ्यात टाकायचा.

आता मुख्य गोष्ट.

पुढल्या वर्षीच्या वैशाखातली भर दुपार. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. एका व्यापाऱ्याचं मोठं गोदाम पेटलं, कवेलूचं छप्पर, सागाचे मोठाले दांडे, आत छतापर्यंत गठाणी. त्याच्या पाठीला पिंजाऱ्यांची वस्ती. दाटीवाटीची घरं, बायका, लेकरं. आम्ही बंब ओढत पोचलो तेव्हा गोदामाचं पुढचं एक अंग जळत होतं.

आणि विहिरीपाशी मारामारी सुरू होती. शेजारच्या गोदामाच्या मालकानं आपले काठीवाले लठैत आणले होते. नळी आधी आपल्या मालावर धरा, आपला माल अजून पेटला नाही, तो वाचवा, असं त्यांचं म्हणणं. पेटलेल्या गोदामाची माणसं त्यांच्या अंगावर गेली. आमच्या बंबावरच्या एकाला डोक्यात काठी बसली, तो हौदातच पडला आणि पाणी लाल झालं. पखालीवाल्याची पखाल कोणीतरी कोयत्यानं फाडली. करीम जमादारानं नळीचं पितळी तोंड काढलं आणि जो लठैत समोर आला त्याच्या तोंडावर हाणलं. दात पडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुसऱ्याच्या कानशिलावर हाणलं. मग तो रक्तानं भरलेलं ते पितळ पुन्हा नळीला बसवत शांतपणे म्हणाला, "नारायण, लखू — अंदर. बीच की थप्पी गिराव. बस्ती तक नहीं जाना चाहिए."

म्हणजे आम्ही बाजूच्या दारानं आत शिरून पुढच्या आणि मागच्या गठाणींच्या मधली थप्पी पाडायची, मध्ये मोकळी जागा करायची, म्हणजे आग मागे सरकणार नाही. अंगावर भिजवलेली पोती, तोंडाला ओलं फडकं, हातात आकडे. कमरेला दोर बांधायची रीत तेव्हा आमच्याकडे नव्हती. त्या दिवसानंतर आली.

आत काम होत होतं. लखूनं आकडा रोवायचा, मी माझा त्याच्याखाली रोवायचा, दोघांनी मिळून ओढायचं. गठाण धपकन खाली, मग दुसरी. लखू शिव्या देत होता, म्हणजे सगळं ठीक चाललं होतं. मग वरच्या एका गठाणीला आकडा लागला, ती फुटली, आणि आतून जाळ निघाला. कोणाला बाहेरून दिसली नव्हती अशी आतल्या आत धुमसणारी. सुटी रुई हवेत उडाली आणि हवाच पेटली. डोक्यावरून लालभडक काहीतरी सरकत गेलं. पाठोपाठ धूर खाली आला... काळा, तेलकट, जड.

मी खाली बसलो. शिकवलं होतं तसं तोंड जमिनीला लावलं. दार कुठे आहे ते हरवलं होतं. आणि मग — हे मी फार विचार करून लिहितो — मला बरं वाटायला लागलं. भीती गेली. हातापायांत जडपणा आला, खाली रुई होती, मऊ. वाटलं, इथेच थांबू. कोणी हलवू नये. उजवीकडे उजेड दिसत होता आणि मला खात्री वाटत होती की ते दार आहे, पण तिकडे जायचीही घाई वाटत नव्हती.

पहिला तडाखा डाव्या खांद्याच्या फऱ्यावर बसला. काठीचा.

मला वाटलं कवेलू पडलं. दुसरा कमरेखाली. तिसरा मांडीवर, आणि त्यात टोक होतं. धोतरातून मांसात शिरलं आणि निघालं. मी किंचाळलो. कानाजवळ आवाज आला, जीभ टाळूला लावून सोडल्यावर येतो तो. टक्. टक् टक्. जन्मभर मोट हाकलेल्याला तो आवाज सांगावा लागत नाही.

मी उठून उजेडाकडे निघालो. लगेच उजव्या खांद्यावर इतक्या जोरात बसली की हात लुळा पडला. मी तरीही उजवीकडेच वळलो, कारण दार तिथे होतं. तेव्हा काठी तोंडावर आली. दात तुटून जिभेवर आला. आजही ती जागा रिकामी आहे. मी हात वर केला तर हातावर, मान खाली घातली तर मानेवर. त्यात राग नव्हता... हे मला सगळ्यात जास्त आठवतं. चिडलेला माणूस दम घेतो, शिवी देतो. हे तसं नव्हतं. एकामागून एक, ठरलेल्या लयीत, आणि मध्ये ते टक् टक्.

माझ्या शेजारी, अगदी खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, लखू होता. त्यालाही बसत होत्या. काठीचा आवाज त्याच्या अंगावर वेगळा येत होता, भरीव. तो ओरडला, "कोन हाय बे?" मग, "कोन हानून रायला? पुढं ये."

"लखू, चाल," मी म्हणालो. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला. तोंडात रक्त होतं.

"नाऱ्या, तू सरक. ह्याले पायतो मी."

त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून सुटला. तो मागे वळला होता. मला धडपड ऐकू आली, दोन अंगं एकमेकांना भिडल्यासारखी. लखूच्या आखाड्यातल्या हुंकाराचा आवाज, जो मी शंभरदा ऐकला होता, पकड बसली की तो करायचा तो. म्हणजे त्याला धरायला काहीतरी मिळालं होतं.  काय मिळालं होतं त्याला?

मला मात्र पाठीवर बसतच होत्या. त्याच लयीत. लखूशी झोंबणारा जर तोच, तर मला कोण मारत होतं?

मी मान खाली घातली आणि ज्या बाजूनं मार येत होता तिच्या उलट दिशेला गेलो. डावीकडे. अंधारात, दारापासून लांब. विचार करून गेलो नाही, मार चुकवायला गेलो. जनावर जातं तसा गेलो. गुडघे टेकून, रांगत, रडत. डोकं भिंतीवर आपटलं. मागून ढुंगणावर टोक रुतलं, मी पुढे डोकं खुपसलं, आणि भिंत मऊ लागली. पोती होती. पोती कोंबून बंद केलेली एक बुटकी खिडकी. डोक्यानं, खांद्यानं ढकलत मी त्यातून बाहेर पिंजाऱ्यांच्या नालीत तोंडावर पडलो.

तेवढ्यात आत सागाचा दांडा तुटला. छप्पर बसलं. ज्या उजेडाला मी दार समजत होतो त्या जागेवर बसलं. ते दार नव्हतंच. दार केव्हाच धुरात गेलं होतं, तो जाळ होता.

वस्तीतली दोन-तीन घरं जळाली, बाकीची जमादारानं वाचवली. लखू दुसऱ्या दिवशी सापडला. तोंड आगीकडे, दोन्ही हात पुढे वाकवलेले, कुस्तीत प्रतिपक्षाला धरतात तसे. मी जमादाराला ते हात दाखवले. जमादार म्हणाला, जळालेल्या प्रत्येक माणसाचे हात तसेच होतात, शिरा आखडतात. मीही नंतर पुष्कळ पाहिले. तो खरं बोलत होता.

पुढचं सांगतो. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं माझी पाठ पाहिली आणि फौजदाराला बोलावलं. याला कोणीतरी काठीनं मारलं आहे, असा त्याचा रिपोर्ट. आत दोनच माणसं गेली होती. एक मेला, दुसऱ्याच्या अंगावर मार. फौजदारानं सरळ विचारलं, "भांडण कशावरून झालं?" मी घडलं ते सांगितलं. त्यानं लिहून घेणं बंद केलं. जमादारानं माझ्या बाजूनं जबाब दिला की धुरात माणसाला काहीही भास होतात. पण भासानं वळ उठत नाहीत, हे फौजदारालाही कळत होतं आणि जमादारालाही.

बातमी दर्यापूरकडे गेली. लखूचा मोठा भाऊ महादू, तीन-चार भावबंद घेऊन, दिवसाढवळ्या आमच्या मळ्यात आला. मी बाजेवर पालथा पडलो होतो, पाठीला हळद-तेल लावलेलं. महादूनं मला केसांनी धरून खाली ओढलं.

"माह्या भावाले आत सोडून कसा आला बे तू?"

मी काही बोलायच्या आत लाथ बसली. बाबा मध्ये पडले तर त्यांना एकानं विहिरीच्या काठापर्यंत ढकलत नेलं. वांग्याच्या वाफ्यात मला पाडून ते मारत होते आणि मी डोकं दोन्ही हातांत धरून पडलो होतो. बरगडी मोडली ती तिथे. मी खरंच सांगतो, मला तेव्हा वाटलं की मारू देत. मग महादूनं काठी वर केली आणि ती वरच राहिली.

तो खाली बसला. माझ्या अंगावरचं फडकं त्यानं पाठीवरून बाजूला केलं. बोटानं एकेक वळ दाबून पाहू लागला. महादू स्वतः गाडीवान होता, हे मला नंतर कळलं.

"हे आमी नाई केलं," तो आपल्या माणसांना म्हणाला. मग मला, "हे कोनं केलं?"

"मले नाई मालूम."

"लखूच्या हातात का व्हतं?"

"आकडा."

त्यानं मांडीवरच्या एका खुणेवर बोट ठेवलं. "भांडनात मानूस डोक्यात हानते," म्हणाला. "हे तसं नाई. हे फऱ्यावर, मांडीवर, ढुंगनावर हायत. हे टोक पाय. असं मानसाले कोनी मारत नाई. असं बैलाले हाकतात." आणि मग, कोणाकडेही न बघता, "लखू बैल नव्हता माहा."

त्यांनी काठ्या तिथेच टाकल्या. बाबांना उठवलं. महादूनं फौजदारापुढे जाऊन सांगितलं की आमची तक्रार नाही. त्यामुळे मी सुटलो.

बाजारात लोकांनी लगेच गोष्ट जुळवली. भिवा गाडीवान आगीत मेला, त्याचाच आत्मा, दुसरं कोण. मलाही क्षणभर ते बरं वाटलं. काहीतरी हातात धरायला मिळालं. पुढे आगगाडी आली, अकोल्याला स्टेशन झालं, कापूस दाबून गठाणी बांधायच्या प्रेस झाल्या आणि तिथल्या बंबावर माझी बदली झाली. हिवरखेड तिथून लांब नाही. एका बाजाराच्या दिवशी मी भिवाची बायको सुभद्रा हिला शोधून काढलं. शेतात निंदत होती. मी सगळं सांगितलं. पाठही दाखवली. वळ गेले होते, टोकांच्या खुणा होत्या.

तिनं विळा खाली ठेवून ऐकलं. मग म्हणाली, "तो नसन, भाऊ."

"लोक म्हनतात..."

"लोकाले का ठाव? जल्मात बैलावर हात नाई टाकला त्यानं. मले एकडाव बैलाले चापट मारताना पाहलं त दोन दिस जेवला नाई." ती पुन्हा निंदायला लागली. जरा वेळानं, माझ्याकडे पाठ असतानाच म्हणाली, "टाकला असता त घरी आला नसता का?"

मी तसाच परत आलो.

आता कोणी म्हणेल की मेल्यावर तो काठी उचलायला शिकला. मी स्वतः कित्येक दुपारी पडल्या पडल्या हाच विचार केला आहे. पण मग लखूचं काय? शिकलेल्यानं लखूला का काढलं नाही? आणि लखूनं धरलं कोणाला, नि त्याच वेळी मला हाकत कोण होतं? पोत्यांनी बुजवलेली ती खिडकी आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हती. भिवानं तरी ते गोदाम कधी पाहिलं होतं? जमादार म्हणायचा तसा तो धुराचा भास म्हटला, तर माझा दात कोणी पाडला? मी सगळ्या बाजूंनी जुळवून पाहिलं. एक बाजू जुळली की दुसरी उसवते. मी अजूनही उताऱ्यातलं लिंबू उचलतो. त्या दिवसाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही, आणि आता या वयात ते मिळेल असंही वाटत नाही.

एक मात्र सांगायचं राहिलं. लखूच्या जागेवर महादू आला. गाडी-बैल चुलत्याला देऊन तो बंबावर लागला, आणि मी अकोल्याला गेलो तेव्हा माझ्याबरोबर अकोल्याला आला. पुष्कळ वर्षं आम्ही जोडीनं आत शिरलो. त्या दिवसाबद्दल तो कधी एक शब्द बोलला नाही. मग एकदा प्रेसची आग विझवून आम्ही काळेठिक्कर होऊन टाक्याच्या कडेला बसलो होतो, हात धूत होतो, तेव्हा त्यानं विचारलं.

"आखरीले लखू भेला होता काय?"

"नाई," मी म्हणालो. "शिव्या देऊन रायला होता."

"कोनत्या?"

मी सांगितल्या. जशा आठवत होत्या तशा, एकही न गाळता. महादू ऐकत राहिला. मग ओंजळभर पाणी घेऊन त्यानं तोंडावर मारलं, पुन्हा मारलं, आणि ओल्या तोंडानंच म्हणाला, "हां. तोच व्हय तो."